मुंबई आणि मॅनहॅटन: उंची कुठे, गर्दी कुठे

वरळीच्या बीडीडी चाळीचा हिशोब अगदी सोपा आहे. तळमजला आणि वर तीन मजले. प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे चाळीत ऐंशी. खोली १६० चौरस फुटांची. खोलीत पाच माणसं धरू. गणपतीत तिथे एखादी रात्र काढलेल्यांना पाच हा आकडा कंजूषपणाचाच वाटेल, पण असू दे. एका चार मजली चाळीत चारशे माणसं झाली.

आता शेजारीच उभा राहिलेला एखादा साठ मजली आलिशान टॉवर कल्पनेत घ्या. खालचे दहाएक मजले पार्किंगचे. मग क्लबहाउस, पोहण्याचा तलाव, मधूनमधून आगीच्या वेळी थांबायच्या मोकळ्या जागा, यंत्रसामग्री. राहायला उरले पंचेचाळीस मजले, मजल्यावर दोन फ्लॅट. घरं नव्वद. घरटी चार माणसं धरली तर तीनशे साठ, आणि तीही सगळे फ्लॅट विकले जाऊन लोक खरोखर राहायला आले तर.

म्हणजे चार मजल्यांची चाळ साठ मजल्यांच्या टॉवरला हरवते. हा हिशोब डोक्यात ठेवूनच सी-लिंकवरून काढलेले ते फोटो बघायला हवेत, ज्यांच्याखाली कुणीतरी हमखास लिहितं, ‘मुंबई आता न्यूयॉर्क दिसायला लागली!’ दिसायला लागली हे खरं. पण इमारतींच्या माथ्यांनी आकाशावर काढलेली रेघ, जिला आपण स्कायलाइन म्हणतो, ती उंची सांगते. तिथे माणसं किती, हे ती सांगत नाही. पुष्कळदा तर उलटंच सांगते.

तुलना रास्त व्हावी म्हणून दोन्हीकडची बेटंच घेऊ. न्यूयॉर्क म्हणजे पाच बरो, म्हणजे शहराचे पाच विभाग, त्यातलं उंच इमारतींचं बेट मॅनहॅटन: साधारण ५९ चौरस किलोमीटर. मुंबईचं कुलाबा ते माहीम-सायन हे जुनं शहर: साधारण ६८ चौरस किलोमीटर. आकाराने जवळजवळ भाऊ-भाऊ. दोन्ही लांबट, दोन्हीचं दक्षिण टोक पाण्यात घुसलेलं आणि दोन्हीकडे गावाची सुरुवात त्या टोकापासूनच झाली. मॅनहॅटनमध्ये २०२० च्या जनगणनेत १६.९४ लाख माणसं राहत होती. मुंबई शहर जिल्ह्यात २०११ मध्ये ३०.८५ लाख. दर चौरस किलोमीटरला तिथे सुमारे २९ हजार, इथे सुमारे ४५ हजार. गगनचुंबी इमारतींचं माहेरघर ते, आणि दाटी आपली दीडपट.

यातही सी वॉर्ड, म्हणजे काळबादेवी, भुलेश्वर, चिराबाजार हा पट्टा, वेगळा काढला तर आकडा ऐंशी हजारांच्या वर जातो. तिथे बहुतेक इमारती चार-पाच मजल्यांच्याच आहेत. स्कायलाइनच्या फोटोत भुलेश्वर कधी येतच नाही.

न्यूयॉर्कची गंमत अशी की त्यांच्याकडेही हेच घडून गेलं आहे. मॅनहॅटनमध्ये सगळ्यात जास्त माणसं राहत होती ती १९१० साली: २३ लाखांहून अधिक. तेव्हा एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी राहायला अजून एकवीस वर्षं होती. ती २३ लाख माणसं लोअर ईस्ट साइडसारख्या वस्त्यांत, पाच-सहा मजली भाड्याच्या इमारतींत, एका खोलीत चार-पाच जण अशी राहत होती. युरोपातून आलेले ज्यू आणि इटालियन कामगार होते ते. कोकणातून गिरणीत आलेल्या आपल्या चाकरमान्याला ती खोली पाहून काही नवल वाटलं नसतं. १९०४ साली तिथे भुयारी रेल्वे सुरू झाली आणि लोक हळूहळू ब्रुकलिन, ब्रॉन्क्सकडे सरकले. मॅनहॅटनमध्ये त्यांच्या जागी कचेऱ्या आल्या. मजले वाढत गेले आणि राहणारी माणसं कमी होत गेली. मुंबई शहर जिल्हाही २००१ मध्ये ३३.३८ लाखांवर होता आणि २०११ मध्ये ३०.८५ लाखांवर आला. हीच ती वर्षं, जेव्हा परळ-लोअर परळच्या आकाशात क्रेनची गर्दी झाली होती.

मग मॅनहॅटन दाट नाही का? आहे, पण वेगळ्या अर्थाने. तिथे मजल्यांची दाटी आहे आणि दिवसाची दाटी आहे. कामाच्या दिवशी दुपारी तिथली माणसं जवळपास दुप्पट होतात आणि संध्याकाळी परततात. रात्री झोपणारी माणसं, जमिनीवर रचलेलं बांधकाम आणि दुपारी बारा वाजता असणारी माणसं या तीन निराळ्या दाट्या आहेत. बोलताना आपण तिन्हींना एकच शब्द वापरतो आणि मग वाद घालत बसतो.

बांधकामाची दाटी मोजायचं माप म्हणजे एफएसआय, कागदोपत्री ‘चटईक्षेत्र निर्देशांक’. फ्लॅट घेतलेल्या प्रत्येकाने हा शब्द ऐकलेला असतो, बिल्डरच्या तोंडून तर दर तिसऱ्या वाक्याला. अर्थ सोपा आहे. प्लॉट हजार चौरस मीटरचा आणि एफएसआय १.३३, तर सगळ्या मजल्यांचं क्षेत्रफळ मिळून १,३३० चौरस मीटर बांधता येतं. हे किती मजल्यांत बसवायचं ते एफएसआय सांगत नाही. सगळा प्लॉट व्यापलात तर सव्वा-दीड मजल्यात संपेल. प्लॉटच्या दहाव्या भागावरच इमारत उभी केलीत तर तेरा मजले होतील. पीठ तेवढंच; पसरून लाटलंत तर पोळी, उभं वळलंत तर मोदक. म्हणूनच उंच इमारत दिसली की ‘केवढा एफएसआय दिला!’ असं म्हणणं घाईचं ठरतं.

भरपूर पीठ आणि शिवाय पसरून लाटलेलं, असं एक टोकाचं उदाहरण न्यूयॉर्कमध्ये आहे. १९१५ साली दक्षिण मॅनहॅटनमध्ये इक्विटेबल बिल्डिंग झाली. अडतीस मजले, जेमतेम एक एकराचा प्लॉट आणि तो जवळजवळ पूर्ण व्यापून सरळ वर गेलेली भिंत. बांधकाम सुमारे १२ लाख चौरस फूट, म्हणजे एफएसआय तीसच्या आसपास. मुंबईत १९९१ च्या नियमावलीने ठरवलेला १.३३ तिला लावला असता, तर तिचे दोन मजलेही पुरे झाले नसते. आपल्या साठ मजली टॉवरांपैकी कुणीही बांधकामाच्या दाटीत या म्हाताऱ्या अडतीस मजलीच्या जवळपास पोचत नाही.

तिची सावली आजूबाजूच्या गल्ल्यांवर दिवसभर पडायची. ओरड झाली आणि १९१६ मध्ये न्यूयॉर्कने कायदा केला: रस्त्यालगत ठरावीक उंचीपर्यंत सरळ जा, त्याच्या वर रस्त्यापासून मागे सरकत जा, आणि प्लॉटच्या पाव भागावर मात्र हवं तेवढं वर जा. एम्पायर स्टेट किंवा क्रायस्लर बिल्डिंग देवळासमोरच्या दीपमाळेसारख्या टप्प्याटप्प्याने निमुळत्या होत गेलेल्या दिसतात, त्यामागे वास्तुरचनाकाराच्या प्रतिभेइतकाच हा कायदा आहे. १९६१ मध्ये मग एफएसआयची मर्यादा आली. सगळ्यात दाट व्यापारी भागांत ती १५ होती, आणि इमारतीपुढे लोकांसाठी मोकळा चौक सोडला तर १८. म्हणजे ज्याला ते ‘मर्यादा’ म्हणतात तोच आकडा आपल्या जुन्या आकड्याच्या अकरा-बारा पट.

मॅनहॅटनच्या फोटोत इमारतींचे दोन पुंजके दिसतात. एक दक्षिण टोकाला, वॉल स्ट्रीटभोवती, तो डाउनटाउन. दुसरा मधोमध, एम्पायर स्टेटपासून सेंट्रल पार्कपर्यंत, तो मिडटाउन. मध्ये सोहो, ग्रीनिच व्हिलेजचा बसका भाग. याचं एक लोकप्रिय स्पष्टीकरण असं, की दोन्ही पुंजक्यांखाली कठीण खडक वर आला आहे आणि मधल्या भागात तो खोल गेला आहे, म्हणून तिथे उंच बांधता आलं नाही. ऐकायला झकास आहे. जेसन बार या अर्थतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जुन्या इमारतींची जागा आणि त्यांच्याखालच्या खडकाची खोली ताडून पाहिली, तेव्हा हे स्पष्टीकरण फारसं टिकलं नाही. जिथे गिऱ्हाईक होतं तिथे लोकांनी खोल खडकातही पाया घातला होता. मधल्या भागात कारखाने आणि गरीब वस्त्या होत्या, तिथे महागडी कचेरी थाटायला कुणी तयार नव्हतं. मिडटाउन उंच झालं त्यात १९१० ला उघडलेलं पेन स्टेशन आणि १९१३ चं ग्रँड सेंट्रल यांचा मोठा हात आहे. लाखभर माणसं रोज जिथे गाडीतून उतरतात, तिथेच कचेरी बांधणं शहाणपणाचं. थोडक्यात, स्टेशन आणि उंची तिथे एकमेकांना धरून वाढली.

मुंबईत उलटं आहे. आपलं डाउनटाउन म्हणजे फोर्ट. सीएसएमटी आणि चर्चगेट, दोन्ही टर्मिनसं तिथेच. न्यूयॉर्कच्या न्यायाने सगळे टॉवर तिथे हवे होते. पण फोर्टात वारसा इमारतींचे नियम आहेत, आणि ते आहेत हे उत्तमच. हॉर्निमन सर्कलवर साठ मजले कुणाला हवेत? मग भर घालून नरिमन पॉइंट झालं. सत्तरच्या दशकात तिथे एक्सप्रेस टॉवर्स आणि एअर इंडियाची इमारत उभ्या राहिल्या, वीस-पंचवीस मजल्यांच्या. कितीतरी वर्षं मुंबईचं चित्र काढायचं म्हणजे मरीन ड्राइव्हची कमान आणि तिच्या टोकाला त्या इमारती. तिथेच गाडी थांबली. पुढची उंची गेली ताडदेवला, महालक्ष्मीला, वरळीला, लोअर परळला, भायखळ्याला, मग थेट गोरेगाव-मुलुंडला. बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, कचेऱ्या खूप आहेत, पण विमानतळ जवळ असल्याने त्यांची डोकी छाटलेली. पुंजका म्हणून काही नाहीच. मूठभर पोहे फेकावेत तसे टॉवर पडले आहेत.

हे का झालं, ते सांगणं म्हणजे मुंबईच्या नियमांचा इतिहास सांगणं. मूळ एफएसआय मुद्दाम तुटपुंजा ठेवला गेला: शहरात १.३३, उपनगरात १. बांधायला कमी दिलं की माणसं कमी येतील, असा तो हिशोब होता. माणसं आलीच. ती चाळीत दाटली, झोपडपट्टीत राहिली. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली होती, त्यामुळे जुन्या इमारती दुरुस्त करण्यात मालकाला रस नव्हता. मग एकेक अडचण सोडवायला सरकार एफएसआयची सवलत वाटू लागलं. झोपडपट्टीवासीयांना फुकट घरं दे, जास्त एफएसआय घे. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत पाडून जुन्या भाडेकरूंना नवी घरं दे, जास्त घे. सार्वजनिक वाहनतळ बांधून दे, घे. रस्त्यासाठी जमीन सोड, टीडीआरचा, म्हणजे तेवढं बांधकाम दुसरीकडे करण्याच्या हक्काचा, कागद घे आणि तो उपनगरात वापर. तिजोरीत पैसा नसलेल्या सरकारला हे चलन फार सोयीचं, छापायला खर्चच नाही.

म्हणून मुंबईची स्कायलाइन हा सवलतींचा नकाशा आहे. ताडदेवचे ते दोन निमुळते टॉवर, इंपिरियल, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या जागेवर उभे आहेत. टोकं धरून उंची अडीचशे मीटरच्या वर. तिथे राहणारी मूळ कुटुंबं त्याच आवारात मागच्या, दाटीवाटीच्या इमारतींत आहेत. फोटोत टॉवर येतात. लोअर परळचा वर्ल्ड वन श्रीनिवास मिलच्या जमिनीवर आहे. तो ४४२ मीटरचा व्हायचा होता, विमानतळाची परवानगी न मिळाल्याने २८० वर थांबला. टॉवर कुठे उगवेल हे स्टेशनावरून सांगता येत नाही. कुठे झोपडपट्टी होती, कुठे मोडकळीला आलेली चाळ, कुठे बंद गिरणी, त्यावरून सांगता येतं.

गिरण्यांपाशी जरा थांबायला हवं. १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार उतरले आणि बहुतेकांना गिरणी पुन्हा दिसली ती बंद भोंग्याची. शहराच्या मधोमध सुमारे सहाशे एकर जमीन मोकळी होण्याची शक्यता निर्माण झाली. अशी संधी कुठल्याही महानगराला शतकात एकदा मिळते. १९९१ च्या नियमात वाटणी स्वच्छ होती: एक तृतीयांश महापालिकेला मैदानं आणि सोयींसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ मध्ये एक दुरुस्ती झाली. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची. गिरणीत मोकळी जागा असणार किती? शेड, गोदाम आणि चिमणी यांच्या मधली फट. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००६ मध्ये दुरुस्ती कायम राहिली. माझ्या मते मुंबईची आजची स्कायलाइन कुठल्याही वास्तुरचनाकाराने काढलेली नाही, ती या एका दुरुस्तीने काढली आहे.

परिणाम रस्त्यावर भोगावा लागला. गिरणीच्या आवारात कचेऱ्या, मॉल, टॉवर आले, पण बाहेरचा रस्ता गिरणीच्या फाटकाचाच राहिला आणि स्टेशनही गिरणीच्या पाळीसाठी बांधलेलंच. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पाऊस आला, परळ आणि एल्फिन्स्टन रोडला जोडणाऱ्या अरुंद जिन्यावर लोक थांबले, मागून येणारे येतच राहिले. तेवीस माणसं गेली. त्या स्टेशनाचं नाव आता प्रभादेवी आहे. न्यूयॉर्कमध्ये वन व्हँडरबिल्ट ही ४२७ मीटरची इमारत ग्रँड सेंट्रलला खेटून २०२० मध्ये पूर्ण झाली. तिला तीसच्या घरातला एफएसआय मिळाला, पण त्या बदल्यात विकासकाला स्टेशनातले जिने, मार्ग, फलाटांची ये-जा सुधारायला सुमारे २२ कोटी डॉलर खर्चावे लागले. तिथेही सवलत विकली गेलीच. फक्त ती विकून जिना रुंद केला गेला.

इथे शिरीष पटेल यांची एक कल्पना फार उपयोगी पडते. नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी ते एक, पेशाने अभियंते. त्यांचं म्हणणं असं, की गर्दी एक नसते. घरातली गर्दी म्हणजे माणशी किती चटई वाट्याला येते. रस्त्यावरची गर्दी म्हणजे माणशी किती रस्ता वाट्याला येतो. एफएसआय वाढवल्याने पहिली कमी होऊ शकते. दुसरीचं काय, हे एफएसआयला माहीतच नसतं. मॅनहॅटनच्या १८११ च्या आराखड्यात उत्तर-दक्षिण हमरस्ते शंभर फूट रुंद आणि आडवे रस्ते साठ फूट ठरवले गेले, तेव्हा तिथे बरीचशी शेतं आणि टेकड्या होत्या. घोडागाडीच्या जमान्यात आखलेले ते रस्ते आज बेटाची एक तृतीयांशाहून जास्त जमीन व्यापतात, आणि म्हणून वर शंभर मजले चढले तरी खाली चालायला फुटपाथ उरतो. भुलेश्वरात एफएसआय तीन करा किंवा पाच, गल्ली आहे तेवढीच राहणार. २०१८ पासूनच्या विकास नियमावलीत जास्तीत जास्त एफएसआय रस्त्याच्या रुंदीशी जोडला आहे, ही सुबुद्धीच म्हणायची. सवलतींची यादी मात्र शाबूत आहे.

मॅनहॅटनला सोवळं ठरवायचं कारण नाही. सेंट्रल पार्कच्या दक्षिणेला गेल्या दहा-पंधरा वर्षांत काड्यांसारखे टॉवर आले. ४३२ पार्क अव्हेन्यू ४२६ मीटर उंच आहे आणि त्यात घरं जेमतेम शे-सव्वाशे, म्हणजे आपल्या दीड चाळीएवढी. उंची कुठून आली? शेजारच्या बसक्या इमारतींचा न वापरलेला हक्क विकत घेता येतो, आणि यंत्रांसाठी ठेवलेले पोकळ मजले एफएसआयमध्ये धरले जात नव्हते. पोकळी जितकी उंच, तितके वरचे फ्लॅट उंचावर, तितका भाव जास्त. २०१९ मध्ये न्यूयॉर्कने त्यावर चाप लावला. मुंबईच्या बिल्डरला ही युक्ती ऐकून हसूच येईल. त्याने पार्किंगच्या पोडियमवर हेच साधलं आहे. पहिला फ्लॅट बाराव्या मजल्याच्या उंचीवर सुरू होतो आणि रस्त्यावरून चालणाऱ्याला दहा मजले नुसत्या गाड्या दिसतात. न्यूयॉर्कच्या रस्त्याला निदान दुकानं तरी असतात.

तेव्हा पुढच्या वेळी दोन शहरांचे फोटो शेजारी ठेवून कुणी विचारलं की दाट कुठलं, तर रात्री नऊच्या सुमाराचे फोटो मागा आणि उजेड असलेल्या खिडक्या मोजा. महागड्या टॉवरच्या वरच्या मजल्यांवर दोन्ही शहरांत बराच अंधार सापडेल. ती घरं कमी, गुंतवणूक जास्त. वरळीत मात्र एक नवा आकार आला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५००. हे टॉवर लांबून शेजारच्या टॉवरांसारखेच दिसतात. जवळ गेलं की ओळखू येतात: खिडक्या सगळ्या उजळलेल्या आणि पस्तिसाव्या मजल्यावर दोरीला वाळत घातलेले कपडे.